मोरचूद, शेततळं आणि निरुपद्रवी शेवाळ

सटाण्याच्या डाळिंब-द्राक्ष पट्ट्यात शेततळ्याचं पाणी हिरवं झालं की ठिबक तुंबतं आणि मोरचुदाची आठवण होते. उपाय जुनाच, अमेरिकी कृषी खात्याने १९०४ मध्ये त्याची शिफारस केली होती.

मोरचुदातलं तांबं शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण बिघडवतं. मात्र ठिबक तुंबवणारं तंतुमय शेवाळ आणि माशांची अन्नसाखळी पोसणारे डायटम यांत ते निवड करत नाही. उलट चिवट तंतू तगतात, नाजूक जाती आधी जातात. त्यांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबंही बाधतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे माणसाला चालणारं पाणी शेवाळाला मानवेलच असं नाही.

शेवाळ एकदम मेलं तर कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि तळ्यातले रोहू-कटला गुदमरतात. तांबं मात्र विघटन न होता गाळात साचत राहतं.

त्यामुळे आधी सँड फिल्टर नीट धुवा, तळ्यावर शेडनेट टाकून पाहा. मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्याच.