पहिल्या सामन्यांवरून संघाची पारख

फुटबॉलचा हंगाम सुरू होऊन दोन-तीन सामने होतात न होतात, तोच संघाच्या भवितव्याविषयी निकाल देऊन टाकण्याची घाई चाहत्यांना होते. हैदराबादसारख्या शहरात ही चर्चा इराणी हॉटेलातल्या चहाच्या पेल्याभोवती, कॉलेजच्या व्हरांड्यात आणि मैदानाच्या कडेला तासन् तास रंगते. यंदाची बचावफळी कच्ची आहे, आघाडीच्या पोरांत दम नाही, गेल्या वर्षीच्या संघाची सर याला यायची नाही, अशी मते ठामपणे मांडली जातात. पहिला सामना जिंकला तर हेच चाहते चषक कोणत्या कपाटात ठेवावा याचा विचार करू लागतात. आपल्या कॉलेजच्या संघाविषयी इतक्या आस्थेने बोलणारी माणसे असणे हे त्या संघाचे भाग्यच होय. परंतु पहिल्या दोन-चार सामन्यांवरून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याचा शांतपणे विचार मात्र क्वचितच केला जातो.

हैदराबादच्या फुटबॉलचा आणि तिथल्या कॉलेजांचा संबंध फार जुना आहे. मुसी नदीच्या काठी, उच्च न्यायालयाच्या शेजारी सिटी कॉलेजची भव्य इमारत उभी आहे. १९२७ च्या सुमारास शहरात ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा संघ खेळत असे. त्यातले बहुतेक खेळाडू या सिटी कॉलेजचे आजी-माजी विद्यार्थी होते. सय्यद अब्दुल रहीम हे याच संघातून पुढे आले. उस्मानिया विद्यापीठाचे ते पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले, आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाला व भारतीय संघालाही शिकवले. मुंबईच्या जुन्या शौकिनांना त्यांची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला, आणि कूपरेज मैदानावर गर्दी करणाऱ्या मराठी प्रेक्षकांनी ते कौतुक डोळे भरून पाहिले.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळी औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड या भागांतले विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी हैदराबादलाच जात. त्यामुळे या शहराच्या कॉलेजांचा जिव्हाळा अनेक मराठी घरांतही आहे. अशा शहरातला चाहता खेळ जाणणारा असतो, यात शंका नाही. तरीही हंगामाच्या प्रारंभी त्याचा अंदाज चुकतो. तो का चुकतो, याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण खुद्द खेळाच्या स्वरूपात आहे. क्रिकेटच्या एका डावात शेकडो चेंडू टाकले जातात. एका चेंडूवर चूक झाली तरी पुढच्या चेंडूवर ती भरून काढता येते, आणि अखेरीस बलवान संघाचे बळ धावांच्या आकड्यांत बहुधा दिसून येते. फुटबॉलचे तसे नाही. दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात सरासरी अडीच-तीनच गोल होतात. साहजिकच एखादा चेंडू गोलखांबाला लागून आत वळला की बाहेर गेला, पंचाने पेनल्टी दिली की नाही, एवढ्यावर सारा निकाल फिरतो. नव्वद मिनिटे सरस खेळूनही संघ एका गोलाने हरू शकतो. नाणे चार वेळा उडवले आणि तीन वेळा छापा पडला, म्हणून ते नाणे खोटे ठरत नाही. पहिल्या चार सामन्यांच्या निकालांचेही असेच आहे. वीस सामन्यांनंतर नशिबाचा वाटा कमी होतो आणि गुणतक्ता बोलू लागतो. चार सामन्यांनंतर तो अजून चाचपडतच असतो.

दुसरे कारण प्रतिस्पर्ध्यांच्या क्रमाचे. एका संघाच्या वाट्याला आरंभीच तीन बलाढ्य संघ येतात, तर दुसऱ्याच्या वाट्याला तीन दुबळे. पहिल्याचे तीन पराभव आणि दुसऱ्याचे तीन विजय एकाच तराजूत घालणे न्याय्य नव्हे. समोर कोण होते हे विचारल्यावाचून निकालाला अर्थ प्राप्त होत नाही.

तिसरे कारण कॉलेजच्या संघाला विशेषच लागू पडते. पदवीचा अभ्यासक्रम सामान्यतः तीन वर्षांचा. म्हणजे दरवर्षी संघातले अनुभवी खेळाडू परीक्षा देऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी नुकतीच कॉलेजात आलेली मुले उभी राहतात. नाव तेच, सदऱ्याचा रंग तोच, परंतु आतला संघ निराळा. उजव्या बगलेवरचा नवा मुलगा धावत सुटला की चेंडू त्याच्या पायात द्यावा की पुढे मोकळ्या जागेत, हे मध्यरक्षकाला सवयीनेच कळू लागते. ही सवय लागायला महिना-दीड महिना लागतो, आणि नेमक्या त्याच काळात हंगामाचे पहिले सामने असतात. चाहता मात्र मनात गेल्या वर्षीचा मुरलेला संघ धरून बसलेला असतो. त्याची तुलना मुळातच विषम असते.

या विवेचनाला रहीमसाहेबांच्याच आयुष्यातला एक मोठा दाखला आहे. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी पडला आणि भारत दोन गोलांनी हरला. त्या दिवशी कोणी संघाचे भविष्य वर्तवले असते तर ते आशादायक खासच नसते. परंतु पुढे भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे नमवले. थायलंडशी खेळताना जर्नेलसिंग या खंद्या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. त्यांना बसवून ठेवण्याऐवजी रहीमसाहेबांनी पुढे त्यांना आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला, आणि ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर उभा राहिला. या वेळी प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले, आणि भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकावले. प्रतिस्पर्धी तोच, दोन सामन्यांत अंतर केवळ नऊ दिवसांचे, आणि निकाल अगदी उलट! पहिल्या पराभवातून काय शिकायचे ते शिक्षकाला कळले होते, एवढाच मधला फरक. त्या वेळी रहीमसाहेब कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, त्यांचे निधन झाले.

याचा अर्थ पहिल्या पराभवाकडे नेहमीच काणाडोळा करावा असा मात्र नव्हे. हैदराबादच्याच अलीकडच्या इतिहासात याचे बोधप्रद उदाहरण सापडते. पुण्याचा ‘एफसी पुणे सिटी’ हा व्यावसायिक संघ बंद पडल्यावर २०१९ साली त्याच्या जागी ‘हैदराबाद एफसी’ इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. पहिल्याच सामन्यात कोलकात्यात त्याला पाच गोलांनी हार खावी लागली आणि तो हंगाम त्याने दहा संघांत दहावा राहून संपवला. येथे पहिला निकाल खरा ठरला. परंतु २०२१ च्या नोव्हेंबरात हाच संघ पहिला सामना चेन्नईयिन संघाशी ०-१ असा हरला, आणि तरीही त्या हंगामात विजेता झाला. २० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध सामना संपण्यास दोन मिनिटे उरली असता गोव्याच्या साहिल ताव्होरा याने बरोबरी साधली, आणि पुढे गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने पेनल्टीचे तीन फटके अडवले. पुढे २०२३ च्या हंगामाचाही प्रारंभ पराभवानेच झाला. त्या वेळी मात्र संघाला बावीस सामन्यांत अवघा एक विजय मिळाला.

तीनही हंगामांचा आरंभ पराभवाने झाला. अखेर मात्र निरनिराळी. हा भेद गुणतक्त्याच्या पहिल्या ओळींत दिसणे शक्यच नव्हते. २०१९ साली संघ ऐन वेळी जुळवलेला होता. २०२१ साली मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळाडूंचे दुसरे वर्ष चालू होते आणि खेळाची पद्धत अंगवळणी पडली होती. २०२३ साली तो प्रशिक्षक निघून गेला होता, आर्थिक अडचणी वाढल्या होत्या आणि नावाजलेले खेळाडू संघ सोडून जाऊ लागले होते. म्हणून हरलेल्या सामन्यानंतर किती गोलांनी हरलो एवढेच विचारून भागत नाही. संघ किती दिवस एकत्र आहे, त्याला शिकवणारा टिकून आहे काय, आणि त्यामागची व्यवस्था धड आहे काय, हे विचारले पाहिजे.

मग मैदानावर बसलेल्या चाहत्याने पहिल्या सामन्यांत पाहावे तरी काय? याचेही उत्तर रहीमसाहेबांच्या शिकवणीत सापडते. ते चेंडू पायात खेळवत नेण्यास मनाई असलेल्या स्पर्धा भरवीत, म्हणजे चेंडू आला की तत्काळ पुढे देण्याची सवय लागे. केवळ दुबळ्या पायाने खेळावयाच्या स्पर्धाही ते घेत. अशा स्पर्धेत कोण जिंकले याला फारसे महत्त्व नसे. कोण काय शिकला याला असे. चाहत्यानेही हीच दृष्टी ठेवावी. चेंडू हातचा गेल्याबरोबर खेळाडू आपापल्या जागी परततात की कमरेवर हात ठेवून उभे राहतात? गोल खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांत संघ सावरतो की विस्कटतो? अखेरच्या वीस मिनिटांत पाय जड होतात काय? पास देणाऱ्याला आपला सोबती कोठे असेल हे न पाहता कळते काय? पहिल्या सामन्यात झालेली चूक तिसऱ्या सामन्यात कमी झाली काय? या प्रश्नांची उत्तरे एका-दोन सामन्यांतही मिळू शकतात, कारण ती नशिबावर फारशी अवलंबून नसतात. संघ हरला आणि ही उत्तरे चांगली असली, तर धीर धरावा. संघ जिंकला आणि ही उत्तरे वाईट असली, तर चषकाचे कपाट उघडण्याची घाई करू नये.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, खेळ तो खेळच, असे कोणी म्हणेल. परंतु कॉलेजच्या मैदानावर खेळणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. संध्याकाळी ज्याच्याविषयी हॉटेलात निकाल दिला जातो, तोच सकाळी त्याच चाहत्यांच्या शेजारी वर्गात बसतो. दोन सामन्यांवरून ‘याला काही जमणार नाही’ असा शिक्का बसला, तर व्यवस्थापक त्याला वगळतो, घरचे लोक अभ्यासाकडे बोट दाखवतात आणि मुलगा बूट कायमचे काढून ठेवतो. व्यावसायिक खेळाडूला दुसरा संघ मिळतो. कॉलेजच्या खेळाडूजवळ तीनच हंगाम असतात. त्यांतला पहिला हंगाम अविचारी टीकेपायी वाया गेला, तर तो भरून येत नाही.

आणि चाहते नसतील तर संघही राहत नाही, हीदेखील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. २०२२ साली विजेता ठरलेला हैदराबादचा तो व्यावसायिक संघ २०२५ साली शहर सोडून दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. त्याच्यासाठी गच्चीबावलीच्या मैदानावर ढोल वाजवणाऱ्या मंडळींना आता आपले म्हणावे असे त्या लीगमध्ये कोणी उरले नाही. पैशाच्या आधारावर उभा राहिलेला संघ पैशाबरोबर हलतो. कॉलेजचा संघ मात्र कोणाला उचलून नेता येत नाही. तो हरो वा जिंको, पुढच्या जूनमध्ये नवी मुले येतात आणि मैदानावर पुन्हा चुन्याच्या रेघा ओढल्या जातात. अशा संघाला हवा असतो तो पहिल्या तीन पराभवांनंतर चौथ्या सामन्यालाही कठड्यावर येऊन बसणारा, चूक दिसली तर ती नेमकेपणाने सांगणारा आणि सुधारणा दिसली तर तीही तितक्याच मोकळेपणाने मान्य करणारा चाहता. हंगामाच्या आरंभी हॉटेलातली चर्चा जरूर व्हावी. मात्र ती संपवताना निकाल देण्याऐवजी पुढचा सामना कधी आहे एवढे विचारून उठावे, हे अधिक शहाणपणाचे.