फियाटला डिस्क लावताय? मग मास्टर सिलिंडरचं काय?

जुन्या फियाटला, म्हणजे कुर्ल्यात बनलेल्या आपल्या प्रीमियर पद्मिनीला, पुढे डिस्क ब्रेक बसवायचं ठरलं की सगळं लक्ष डिस्क आणि कॅलिपरवर. मास्टर सिलिंडर मात्र ‘असेल त्यातला मोठा द्या’ म्हणून घेतला जातो. आज त्याबद्दलच बोलू.

या गाडीला मुळात ड्रम ब्रेक. ड्रममध्ये एक शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आणखी आवळला जातो, म्हणजे पायाला फुकटची मदत. डिस्कमध्ये ती मदत नाही, म्हणून दाब जास्त लागतो. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ब्रेक ऑइलही जास्त लागतं. पंचाईत अशी की या दोन मागण्या बोअरला उलट दिशांना ओढतात.

हिशोबच करू ना. पाऊण इंची बोअरचं क्षेत्रफळ साधारण 285 चौरस मिलिमीटर, 7/8 इंचीचं 388. म्हणजे मोठा सिलिंडर तेवढ्याच दाबण्यात 36 टक्के जास्त ऑइल ढकलतो, पण पायाचा जोर तोच असेल तर दाब सुमारे 27 टक्के कमी! पेडल छान कडक लागतं, गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ‘वा, काय ब्रेक आहे’ वाटतं. आणि खंबाटकी उतरताना जीव खाऊन पाय दाबला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक, हा समज आधी डोक्यातून काढा.

बूस्टर नसेल तर माझं मत सरळ आहे: पेडल फ्लोअरला न टेकता काम भागेल असा लहानात लहान बोअर. पण हे बघण्याआधी हवा नीट काढा, मागचे शू ॲडजस्ट करा. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येत असेल तर दोष बहुतेकदा तिथेच असतो, आणि लोक उगाच मोठा सिलिंडर आणतात.

नवा घेताच आहात तर दोन सर्किटवाला, टँडेम घ्या. एकाच सर्किटमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

आणि ड्रमसाठीच्या सिलिंडरात बऱ्याचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पाय काढल्यावरही पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा. डिस्कच्या लाइनवर तो राहिला तर पॅड घासत राहतात, चाकं तापतात. दुकानदाराला हे विचारूनच घ्या.