अक्षर, आस्था आणि आंदोलन
जालन्यातल्या एका वेब डिझायनरच्या तीन आवडींचा आढावा

बाहेरच्यांना जालना माहीत असते ते सळई, बियाणे आणि मोसंबीमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे ‘महिको’ सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावात वेबसाइट बनवून पोट भरायचे म्हटले की गिऱ्हाइकेही तशीच येतात: बियाण्यांचे दुकानदार, सळईचे व्यापारी, शाळा, मंगल कार्यालये आणि देवस्थाने. धंद्यामुळे मला तंत्रज्ञानाची गोडी लागली, घरच्या वळणामुळे भक्तीची, आणि राजकारणाची तर जिल्ह्याने सक्तीच केली. मित्र म्हणतात, तीन दगडांवर पाय ठेवतोस. मला मात्र तिन्हीकडे एकच प्रश्न दिसतो: लिहिलेले वाचता येते का, शोधता येते का, आणि त्यावर विसंबता येते का?

अक्षर

मराठी वेबसाइटचे दुखणे सुरू होते ते फाँटपासून. एखाद्या देवस्थानाची आरती वर्षांपूर्वी छापखान्यात जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये बसवलेली असते. ती फाइल ब्राउझरमध्ये टाकली की ‘सुखकर्ता’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि कंसांचा कचरा उमटतो. मग सगळे युनिकोडमध्ये आणा, आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांत तेल घालून तपासा.

युनिकोड आले म्हणून सगळे सुटले असेही नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी माणसाला पाठ आहे. संगणकावर मात्र हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडून, दुसरा साध्या ‘र’ला हलंत आणि न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’ लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राने दोन्हींची सांगड घातलेली नसेल तर एक शोधताना दुसरा हाती लागत नाही. ‘अॅ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीच मुळी २००८ साली. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, तिथे पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवावे लागते. ती एक ओळ राहिली की मराठी मजकूर हिंदी वळणाने उभा राहतो आणि वाचणाऱ्याला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही.

आस्था

घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, जन्म १६०८ चा. त्यांच्या ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोराला मी आधी तो वाचायला सांगतो. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे हवे. सुरुवातीला जसे वळण, तसेच ग्रंथ संपेपर्यंत राहावे. ओळीला ओळ लागू नये. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि तरुणपणी हौसेने बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून पुष्कळांना वाचता येईल अशा मध्यम आकाराचे लिहावे. पानाचा समास, ओळींतले अंतर, वाचनीयता यांवर आज कार्यशाळा भरतात. समर्थांनी तो विषय एका समासात हातावेगळा केला आहे.

देवस्थानांच्या कामात हे तत्त्व पटवताना घाम फुटतो. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला किंवा अंबडच्या मत्स्योदरीला नवरात्रात निघालेल्या भाविकाला हवे असते ते आरतीची वेळ, बस कुठे थांबते, गाडी कुठे लावायची. अशाच एका ठिकाणच्या विश्वस्तांना पहिल्या पानावर स्वतःचे फोटो हवे होते, तेही पदाच्या क्रमाने. शेवटी वेळापत्रक वर आणि विश्वस्त खाली अशी तडजोड झाली. फोटोंचा आकार मात्र त्यांनी वाढवून घेतला.

ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राम मंदिरातून पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. त्याच वर्षी पोलिसांनी त्या शोधून आणल्या. तेव्हापासून कोणत्याही देवस्थानाचे काम घेताना मी एक गोष्ट सांगतोच: मूर्तीचे चारी बाजूंनी फोटो, मापे आणि वजन यांची नोंद आधी करा, लाइव्ह दर्शनाचे मागून बघू.

आंदोलन

राजकारणाकडे पाठ फिरवायची सोय जालन्यात नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी २९ ऑगस्ट २०२३ रोजी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि मोबाइलवरचे व्हिडिओ त्याच संध्याकाळी राज्यभर फिरले. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात, वडीगोद्रीला, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषणाला बसले. एका तालुक्यातल्या दोन मांडवांकडे महाराष्ट्राचे डोळे लागले होते. मधल्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, अंबडमध्ये संचारबंदी लागली आणि जिल्ह्यातले इंटरनेट काही तास बंद राहिले. माझ्यासारख्याचे काम ठप्प झाले हे खरे, पण अफवा थांबल्या नाहीत. त्या फोनवरून तोंडी फिरत राहिल्या.

या वादाचा गाभा मात्र कागदात आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने महसुली दप्तर बरेचसे उर्दू आणि मोडी लिपीत. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठ्यांना ओबीसी दाखला मिळवून देणाऱ्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर हे दप्तर बाहेर निघाले, स्कॅन झाले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरबद्दल निर्णय काढला, तेव्हा या नोंदींचे वजन आणखी वाढले. मराठा समाजाला त्यात हक्काचा पुरावा दिसतो, ओबीसींना आपल्या वाट्यावरचे संकट.

डिझायनर म्हणून मला दिसते ते वेगळेच. स्कॅन म्हणजे चित्र, मजकूर नव्हे. पीडीएफमध्ये आजोबांचे नाव टाकून शोधले तर काही सापडत नाही. पाने एकेक करून चाळायची आणि मोडी येत नसेल तर वाचणाराही गाठायचा. अशा दप्तराचे लिप्यंतर करून गाव, वर्ष आणि नाव यांवरून शोधता येईल अशी यादी मूळ पानाच्या चित्रासह उघडी ठेवली, तर खऱ्या नोंदीवाल्याची पायपीट वाचेल. एखादी नोंद खोटी वाटली तर आक्षेप घेणाऱ्यालाही ती तपासता येईल. म्हणजे सोय दोन्ही मांडवांची.

समर्थांनी ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकात हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ सावधपण सांगितले आणि मग प्रयत्न. आमच्या धंद्यात सावधपणाचा अर्थ साधा आहे: तारीख, ठिकाण आणि मूळ कागद यांशिवाय पानावर काही चढवायचे नाही. हा नियम देवस्थानाच्या आरतीला लागू आहे तसाच उपोषणाच्या व्हिडिओलाही. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे उतारवयाला लागली आहेत. त्यांना संगणक येणाऱ्या पोरांशेजारी बसवायचे काम जिल्ह्याने आता लांबणीवर टाकू नये.