विश्लेषण : वन्यजीव छायाचित्र खरे की रचलेले, हे कसे ठरते?

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतील एक पुरस्कार एप्रिल २०१८ मध्ये रद्द केला. छायाचित्र देखणे होते, त्याविषयी वाद नव्हता. त्यातील प्राणी जिवंत होता का, हा प्रश्न होता. छायाचित्राच्या परीक्षणात सौंदर्याइतकेच सत्य का तपासले जाते, हे त्यातून पुढे आले.

प्रकरण काय होते?

ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानात मार्सियो काब्राल यांनी ‘द नाइट रेडर’ हे छायाचित्र टिपले. ताऱ्यांनी भरलेले आकाश, क्लिक बीटल या भुंगेऱ्याच्या अळ्यांमुळे हिरवट चमकणारे वाळवीचे वारूळ आणि त्याकडे झेपावणारा महाकाय मुंगीखाऊ. २०१७ मध्ये त्याला एका विभागात पुरस्कार मिळाला. पुढे, हा मुंगीखाऊ उद्यानाच्या अभ्यागत केंद्रातील पेंढा भरलेल्या प्राण्यासारखा दिसतो, अशी तक्रार आली.

शहानिशा कशी झाली?

पाच तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे दोन्ही प्रतिमा ताडून पाहिल्या. अंगावरील खुणा, शरीराची ठेवण, केसांच्या झुपक्यांची जागा सारेच जुळत होते. एकाच प्रजातीच्या दोन प्राण्यांत थोडा तरी फरक दिसायला हवा होता. काब्राल यांनी आरोप फेटाळला. त्यांनी आधीच्या आणि नंतरच्या ‘रॉ’ फाइल दिल्या, मात्र त्यांपैकी एकीतही मुंगीखाऊ नव्हता.

‘रॉ’ फाइल पुरेशी का नाही?

कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेली, प्रक्रिया न केलेली माहिती म्हणजे रॉ फाइल. संगणकावर आकाश बदलले, नकोशी फांदी पुसली किंवा दुसऱ्या चित्रातील पक्षी आणून बसवला, तर मूळ फाइलशी तुलना करताच ते उघडे पडते. पण कॅमेऱ्यासमोरच बनाव रचला असेल, तर रॉ फाइल तो बनावही इमानाने नोंदवते. म्हणून परीक्षक लागोपाठच्या फ्रेम मागतात, जागा आणि प्राण्याच्या सवयी तपासतात. याच स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारे, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र २०१० मध्ये बाद झाले. तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना वाटली. छायाचित्रकाराने मात्र हे नाकारले.

मग कोणते बदल चालतात?

उजेड-सावलीचा समतोल, रंगांची मर्यादित दुरुस्ती, कडा कापणे आणि सेन्सरवरील धुळीचे डाग काढणे बहुतेक वन्यजीव स्पर्धांत मान्य असते. निसर्गदृश्यात पहाटेच्या सावल्या थोड्या उजळल्या तर हरकत नसते, पण तिथे नसलेला चंद्र उगवला तर असते. चित्रात काही घालणे किंवा त्यातून काही काढणे, ही सीमारेषा. जिवंत भक्ष्याचे आमिष दाखवण्यासही या स्पर्धेत मनाई आहे.

स्पर्धेबाहेर याचे महत्त्व काय?

कारण एका चौकटीसाठी जंगलात जे घडते, त्याचा भार प्राण्यावर पडतो. घरट्याजवळ गर्दी झाली तर पक्षी अंडी सोडून जाऊ शकतो. नागपूर-भंडारा परिसरातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या अखेरीस वाघीण आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी घेरले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी टिपलेली चौकट तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असू शकते. रॉ फाइलमध्येही वाघीण खरीच दिसेल, पण तिची अडवलेली वाट चौकटीबाहेर राहील. म्हणूनच छायाचित्र कुठे, किती अंतरावरून आणि कोणत्या परिस्थितीत टिपले, ही माहिती चित्रासोबत देणे महत्त्वाचे ठरते. समाजमाध्यमांवर ‘लाइक’ देण्याआधी पाहणाऱ्यानेही ती विचारायला हरकत नाही.