नवा ताप की जुनाच?

इंग्लंडमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, खोलीत एका पेशंटच्या वाट्याला साधारण दहा मिनिटं येतात. डिसेंबरातला सोमवार असला की त्यातली दोन कोट-मफलर काढण्यातच जातात. परवा एकदम थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलंय, कोरडा खोकला आहे. औषध ठरलेलं: पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, झोप.

मग मी कीबोर्डकडे वळतो. नुसतं ‘खोकला’ नोंदवलं तरी उपचारात फरक पडत नाही. पण ‘फ्लूसदृश आजार’ हा कोड निवडला, तरच हा माणूस फ्लूच्या साप्ताहिक आकड्यात जातो. शिवाय हे दुखणं नवं की आधीचंच, हेही सांगावं लागतं. चार दिवसांनी तोच पेशंट खोकला थांबत नाही म्हणून आला आणि घाईत पुन्हा ‘नवं’ निवडलं गेलं, तर एका तापाचे दोन होतात. बाहेर पेशंट ताटकळत असताना हे भान ठेवणं सोपं नाही.

रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सचं केंद्र १९६७ पासून दर आठवड्याला अशा नोंदी मोजतं. पूर्वी कागद भरून पाठवत. आता संगणकातल्या नोंदी ओळख झाकून उचलल्या जातात. काही दवाखाने नाका-घशाचे स्वॅबही पाठवतात, कारण कोड फक्त लक्षणं सांगतो, विषाणू नाही.

या पद्धतीचं खरं बळ मला भाजकात दिसतं. इथे बहुतेक प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या जीपीच्या यादीत असतो, म्हणून दर लाखामागे किती, हे काढता येतं. पुण्यातला फॅमिली डॉक्टर आज तापाचे किती आले ते सांगेल. पण आपले एकूण पेशंट किती, हे कसं सांगणार? शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे कोण गेलं, त्याला काय ठाऊक!

अर्थात, दवाखान्यात आलाच नाही तो इथेही मोजला जात नाही. जुलै २००९ मध्ये, स्वाइन फ्लूच्या साथीत, इंग्लंडमध्ये फोनवर आणि इंटरनेटवर प्रश्नांची उत्तरं देऊन, जीपीला न भेटता औषध मिळण्याची सोय झाली. त्यानंतर दवाखान्यांचा आलेख घसरला. त्यात ओसरलेली साथ किती आणि फोनकडे वळलेले पेशंट किती, हे नुसत्या आमच्या नोंदींवरून सांगणं अवघड. नाताळातही सुट्ट्यांमुळे आकडा खाली येतो. तो उतार खरा मानायचा की नाही, हे जानेवारीचे आकडे आल्यावरच ठरतं.