वेब ॲप्लिकेशनचे प्रकाशन : एक लेखी आज्ञा

एखादे वेब ॲप्लिकेशन तयार करणे आणि ते नागरिकांच्या वापरासाठी सर्व्हरवर चढविणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्या कामावर वेळ व पैसा पुष्कळ खर्च होतो. दुसरे काम मात्र पुष्कळदा एखाद्या तंत्रज्ञाच्या स्मरणशक्तीवर सोपविलेले असते.

त्याची किंमत केवढी असू शकते, हे अमेरिकेतील एका घटनेवरून दिसून येते. दि. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या दलाली संस्थेच्या संगणकांनी सुमारे ४५ मिनिटे शेअरबाजारात चुकीचे व्यवहार केले. संस्थेला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. तेथील रोखे नियामक आयोगाच्या २०१३ च्या आदेशात कारण नमूद आहे. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. एका सर्व्हरवर तो चढविलाच गेला नाही. दुसऱ्या कोणी कामाची तपासणी केली नाही. तशी तपासणी करावी असा लेखी नियमही नव्हता. ही यंत्रणा वेब ॲप्लिकेशनची नव्हती. परंतु धडा तोच आहे.

आज्ञेचे स्वरूप

यावर उपाय म्हणजे प्रकाशनाचे काम पडद्यावरील बटणे दाबून न करता कमांड लाइनवर लेखी आज्ञा देऊन करणे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट व्यवस्थेत ‘डॉटनेट पब्लिश’ ही अशी आज्ञा आहे. ती सोर्स कोडची बांधणी, म्हणजे बिल्ड, करते आणि सर्व्हरवर ठेवावयाच्या सर्व फायली एकत्र करते. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या ॲप्लिकेशनसाठी ‘एमएसबिल्ड’ ही आज्ञा वापरतात. तिला ‘डिप्लॉयऑनबिल्ड’ हे पॅरामीटर ‘ट्रू’ असे दिले, म्हणजे बांधणीला जोडूनच प्रकाशनही होते.

पॅरामीटरांचे कार्य

काम कोणत्या अटींवर व्हावे, हे पॅरामीटर ठरवितात. ‘कॉन्फिगरेशन’ हे बांधणीचा प्रकार सांगते : दोष शोधण्यासाठी ‘डीबग’, प्रत्यक्ष वापरासाठी ‘रिलीज’. २०२३ साली आलेल्या डॉटनेट ८ पासून त्या आवृत्तीच्या प्रकल्पांचे प्रकाशन करताना ‘रिलीज’ हाच प्रकार गृहीत धरला जातो. तत्पूर्वी काही न सांगितल्यास ‘डीबग’ गृहीत धरला जात असे. ‘रनटाइम’ हे सर्व्हर विंडोजचा की लिनक्सचा, हे सांगते. ‘पब्लिशप्रोफाइल’ हे प्रकाशनाचे ठिकाण व पद्धत लिहून ठेवलेल्या फाइलचे नाव देते. त्यामुळे चाचणीचा सर्व्हर आणि प्रत्यक्ष सेवेचा सर्व्हर यांसाठी स्वतंत्र प्रोफाइल ठेवता येतात.

घ्यावयाची खबरदारी

आज्ञा लेखी असली तरी ती आंधळी असते. पॅरामीटरच्या नावात एका अक्षराची चूक झाली, तरी एमएसबिल्ड सहसा तक्रार करीत नाही. अनोळखी नावही ते निमूटपणे स्वीकारते. ‘डिप्लॉयऑनबिल्ड’ चुकीचे लिहिले गेल्यास बांधणी यशस्वी झाल्याचा संदेश येतो, प्रकाशन मात्र झालेले नसते. म्हणून ‘यशस्वी’ या शब्दावर न विसंबता प्रत्येक सर्व्हरवर कोणती आवृत्ती चालू आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. तसेच पासवर्ड आज्ञेत किंवा सोर्स कोडबरोबर कधीही लिहून ठेवू नयेत. ते स्वतंत्र व सुरक्षित जागी असावेत.

कार्यालयांच्या दृष्टीने

वेबद्वारे सेवा देणाऱ्या कार्यालयाला या आज्ञा स्वतः लिहाव्या लागत नाहीत. तथापि काम करून घेताना तीन गोष्टी विचारता येतात : प्रकाशनाची आज्ञा लेखी स्वरूपात कार्यालयाकडे आहे काय, ती दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासली आहे काय, आणि प्रकाशनानंतर प्रत्येक सर्व्हरची पडताळणी कोण करतो. या तिन्हींची उत्तरे दप्तरी असली, तर तंत्रज्ञ बदलून गेला तरी सेवा खंडित होण्याचे कारण उरत नाही.