तालीम : एकत्र वाजवण्याचा धर्म



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सकाळी आम्हांला व्याकरण शिकवीत आणि संध्याकाळी निर्ण्याच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत. म्हणून आज साहित्याऐवजी तालमीविषयी बोलावे, असे मी योजिले आहे.

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. मराठीने त्याला दोन घरे दिली : मल्लांचा आखाडा आणि प्रयोगापूर्वीची उजळणी. दोन्हीकडे चुकण्याची मुभा असते, चूक लपविण्याची नसते.

आमचा बीदर जिल्हा गाण्याला पारखा नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी व हिंदी पदे रचली. आमच्या मंडळातही घरी कानडी बोलणारे अनेक होते. अभंगाचा अर्थ सर्वांस उमगल्याखेरीज गुरुजी चाल धरू देत नसत. तालमीचा प्रारंभ तेथूनच व्हावा.

शाळेच्या शेवटच्या वर्षी सप्ताहात मी टाळकरी होतो. चाल पाठ आहे, या घमेंडीत चार तालमी चुकविल्या होत्या. ऐन रंगात मी लय वाढवीत नेली. सारे मंडळ मागे ओढले गेले. म्हणणाऱ्या वृद्ध बुवांना दम पुरेना आणि ते मध्येच थांबले. पुढे ते कधी म्हणावयास उभे राहिले नाहीत. गुरुजी रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टाळ खाली ठेवून नुसते ऐकावयास बसविले. त्या बैठकांत जे कळले ते सांगतो.

वेळेपूर्वी यावे. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावणे, उजवी पेटीच्या स्वराशी मिळविणे, ही कामे तालमीचा वेळ खाता कामा नयेत. आपला भाग घरी पाठ करावा. तालीम पाठांतरासाठी नसून जुळणीसाठी असते.

चुकते तेवढेच घोळावे. आठ मात्रांचा भजनी ठेका संथ चालतो तोवर सर्व ठीक असते. पाय अडखळतो तो दुगणीत शिरताना. संपूर्ण अभंग दहा वेळा म्हणण्यापेक्षा तो सांधाच संथ लयीत दहा वेळा म्हणावा, मग वेग वाढवावा.

शब्द चालू असता टाळ दाबून वाजवावा. शेजारी ऐकू येत नसेल, तर आपला आवाज मोठा आहे असे समजावे. थांबविण्याचा अधिकार एकाकडेच असावा. आणि चूक दाखविताना जागेचे नाव घ्यावे, माणसाचे नव्हे. अखेरीस एकदा न थांबता, चुकले तरी सावरीत, सारे म्हणावे. कारण सप्ताहात मागे फिरता येत नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले व बालगंधर्व ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. दोघेही आपापल्या मंडळींचे आधारस्तंभ आणि थोर गायक. तरी एका नाटकात उतरल्यावर एकमेकांचे ऐकण्याचे बंधन दोघांनाही होतेच. मग तुमच्याआमच्यासारख्यांना ते कसे सुटावे?

आजही टाळ हाती घेतला की बुवांचे ते थांबणे मला ऐकू येते. लय वाढविण्यापूर्वी मी त्यांच्या श्वासाची वाट पाहतो.